आतड्यातली वस्ती

मुलाचे पोट बिघडले की आपल्याकडे पहिली फेरी होते ती मेडिकल दुकानाकडे. चिठ्ठी नसली तरी दोन अँटिबायोटिक गोळ्या हातात पडतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे देऊ नयेत असा कायदा आहे, आणि त्यांतल्या अनेक औषधांसाठीचे नियम २०१४ पासून अधिक कडकही झाले. पण कायदा परभणीच्या गल्लीबोळात पोचेपर्यंत दमून जातो.

या गोळीचा संबंध एका चिवट दुखण्याशी असू शकतो, म्हणून हा विषय. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस ही त्या दुखण्याची दोन रूपे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते. शौचावाटे रक्त पडते, पोट दुखते, वजन घटते. वाढत्या वयाच्या मुलाची उंचीसुद्धा खुंटते. औषधांनी आजार आटोक्यात राहतो, पण मुळासकट जात नाही.

पूर्वी हे युरोप-अमेरिकेचे दुखणे समजत. मात्र इंग्लंडच्या लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या लोकांची विसाव्या शतकाच्या अखेरीस पाहणी झाली, तेव्हा कोलायटिसचे प्रमाण त्यांच्यात गोऱ्यांपेक्षा जास्त आढळले. माणसे तीच, हवा-पाणी आणि ताट बदलले. आता भारतातही रुग्ण वाढत आहेत.

नेमके कारण अजून उलगडलेले नाही. काही भाग आनुवंशिक आहे. त्यामुळे हमखास टाळण्याचा उपाय कुणी सांगू लागला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे, आणि मूल आजारी पडले म्हणून आईला बोल लावू नये. आपल्याकडे तो लगेच लावला जातो.

जे कळले आहे, ते आतड्यातल्या जंतूंच्या वस्तीबद्दल. ही वस्ती आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बसते आणि शरीराला आपले-परके शिकवते. अँटिबायोटिक घेतले की रोगजंतूंबरोबर ही साधी माणसेही उठवली जातात. डेन्मार्कमध्ये पावणेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांनी ही औषधे घेतली होती त्यांच्यात हा आजार, विशेषतः क्रोन्स, जास्त दिसला. २०११ साली तो अभ्यास छापून आला. औषधामुळेच आजार झाला असे त्यातून सिद्ध होत नाही. पण विनाकारण गोळी न देण्याला तेवढे कारण पुरेसे आहे. न्यूमोनियासारख्या दुखण्यात मात्र अँटिबायोटिक जीव वाचवते. तिथे डॉक्टरांनी सांगितलेला डोस पुरा करावा. सर्दीला त्याचा उपयोग नाही. साध्या पातळ जुलाबातही बहुधा लागत नाही. तिथे ओआरएस आणि झिंक.

बाळाला जन्मल्याबरोबर मध किंवा गुटी न चाटवता आईचे चिकाचे दूध द्यावे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, मग उष्टावण, आणि दूध पुढेही चालू. कुरआनात दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षे आणि त्यापुढेही सांगते. स्तनपान झालेल्या मुलांत हा आजार कमी आढळतो.

मग ताट. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह २१ देशांतल्या प्रौढांच्या पाहणीत कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ जास्त खाणाऱ्यांत हा आजार अधिक निघाला. पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट आता वाडीवस्तीवरच्या टपरीवरही लटकलेले असते. आणि ज्वारी पिकवणाऱ्या घरातले पोर भाकरीला नाक मुरडते! आपल्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले. आतड्यातल्या वस्तीला खाऊ लागतो तो कोंड्याचा, डाळी-उसळींचा, पालेभाज्यांचा. अंबाडीची भाजी तर दारात येते. घरात विडी-सिगारेटचा धूर नको, हे वेगळे सांगायला नकोच.

कॅनडातल्या २०१७ च्या एका अभ्यासात खेड्यात वाढलेल्या मुलांना हा आजार कमी झालेला दिसला. माती, गुरे, अंगण यांचा वाटा असावा असा अंदाज आहे. पोराला मातीत खेळू द्यावे. जेवणाआधी हात धुवावेत आणि पाणी मात्र स्वच्छच प्यावे.

एवढे करूनही कुणाला आजार होईलच. शौचावाटे रक्त पडत असेल, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नसतील, वजन वाढत नसेल, तर मूळव्याध किंवा जंत म्हणून घरी बसू नये. आपल्या देशात आणखी एक गफलत होते: आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला जवळजवळ सारखे. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर टीबी फोफावतो. उलट चूक झाली तर महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या फुकट जातात आणि आतडे खराब होत राहते. म्हणून दुर्बिणीने आत पाहून, लहानसा तुकडा काढून तो तपासतात. ही तपासणी मोठ्या रुग्णालयातच होते. तिथे जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, आणि मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा, बरोबर न्यावीत.