नवी डिस्क बसली, पण विंडोजचं काय?

घरातला लॅपटॉप आता फक्त मुलांच्या अभ्यासाचा राहिलेला नाही. बचतगटाचा हिशेब, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, बारशापासूनचे फोटो, सगळं त्यातच. आणि मग तो सुरू व्हायला इतका वेळ घेऊ लागतो, की तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. दुकानदार म्हणतो, "ताई, हार्ड डिस्क गेलीय. एसएसडी टाकू, नव्यासारखा पळेल." सल्ला बहुधा बरोबरच असतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून वेगात एवढा फरक पडतो. पण नवी डिस्क कोरी असते. तिच्यावर विंडोज पुन्हा टाकावं लागतं, आणि इथे ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी महागात पडतात.

पहिली पैशांची. "विंडोजचे वेगळे पैसे पडतील" असं ऐकलं की आपण मुकाट्याने पर्स उघडतो. अहो, पण लॅपटॉप घेताना त्यात कंपनीचंच विंडोज असेल, तर त्याची किंमत तुम्ही तेव्हाच मोजलेली आहे! साधारण २०१२ नंतर विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची ही किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. डिस्क बदलली तरी ती जात नाही. विंडोज टाकताना प्रॉडक्ट की विचारलीच, तर 'माझ्याकडे नाही' या अर्थाचा पर्याय निवडायचा आणि होम असेल तर होमच, प्रो असेल तर प्रोच टाकायचं. इंटरनेट जोडलं की ते बहुधा आपोआप ॲक्टिव्हेट होतं. काम करण्याची मजुरी द्यावी, ती त्याच्या कष्टाची आहे. किल्लीचे पैसे पुन्हा कशाला? आणि 'क्रॅक' टाकून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. त्या चोरट्या प्रोग्रॅममधून काय काय आत शिरेल सांगता येत नाही, आणि त्याच लॅपटॉपवरून आपण बँकेचं काम करतो.

कुठलं विंडोज टाकतोय तेही विचारा. विंडोज १० ची नियमित मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या लॅपटॉपला ते झेपत नसेल तर लिनक्स मिंट फुकट मिळतं. टायपिंग आणि इंटरनेट एवढंच काम असेल तर तेही छान चालतं.

दुसरी गोष्ट जुन्या डिस्कची. ती दुकानात सोडून येऊ नका, अगदी "बंद पडलीय" म्हटलं तरी! २००८ मध्ये हाँगकाँगचा अभिनेता एडिसन चेन याच्या दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधले खासगी फोटो बाहेर फुटले. दुरुस्ती करणाऱ्याला पुढे शिक्षा झाली, पण त्या फोटोंतल्या बायकांना जे सोसावं लागलं ते काही परत फिरलं नाही. डिलीट केलेले फोटोही डिस्कवरून परत काढता येतात. एक छोटी केस मिळते, जुनी डिस्क तिच्यात घातली की ती पेनड्राइव्हसारखी जोडता येते. मात्र ती टकटक आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका, आधी कामाच्या फायली काढून घ्या. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. तेव्हा डिस्क काढण्याआधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा, नाहीतर आपलेच फोटो आपल्याला दिसायचे नाहीत.

बाकी कृती घरीही जमण्यासारखी आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज घ्या. पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं. डेल, लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. तिथे पेनड्राइव्ह निवडा. पुढे डिस्क विचारली की कोरी डिस्क 'अनॲलोकेटेड' अशी दिसते, तीच निवडा. त्या यादीत आणखी एखादी डिस्क दिसत असेल तर तिला हात लावायचा नाही! वायफाय सापडलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करून पाहा, बहुतेक वेळा काम भागतं.

सगळं झाल्यावर जुन्या मराठी फायली उघडतात आणि धस्स होतं, कारण पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! घाबरू नका, फाइल खराब झालेली नाही. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसला की असाच दिसतो. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर असतं, त्यातून तो पुन्हा घेता येतो. नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच करा. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आयताच आहे, सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडून तिच्या पर्यायांत हा कीबोर्ड निवडला की झालं.