प्रवेश झाला, स्वागताचे काय?

लोणंद (प्रतिनिधी) : बारावीचा निकाल लागला, की ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या येथील दुकानांत गर्दी उसळते. अर्ज, पसंतिक्रम, गुणवत्ता यादी, शुल्क आणि शेवटी मोबाईलवर एक संदेश. त्यात अर्जक्रमांक असतो. विद्यार्थ्याचे नाव असेलच असे नाही.

याच सुमारास आषाढीच्या वाटेवरील ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. अनोळखी वारकऱ्याला 'माउली' म्हणून हाक मारणाऱ्या या गावातील मुलगा शिकायला पुण्याला वा कोल्हापूरला गेला, तर तेथे त्याला नावाने हाक मारणारे कोणी असते का?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. अमेरिकेतील बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, महाविद्यालयात जाण्याचे ठरवूनही वर्ग सुरू होण्याआधीच गळणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला आहे. हे प्रमाण साधारण १० ते २० टक्के, गरीब घरांतील मुलांमध्ये त्याहून अधिक. अडचणी किरकोळ असतात : एखादा फॉर्म समजत नाही, विचारायचे कोणाला हे ठाऊक नसते. वेळेवर आलेला आपुलकीचा संदेश वा एक दूरध्वनी काहींना सावरतो, असे त्यांना आढळले. तेथील काही महाविद्यालयांचे प्रवेश अधिकारी प्रवेशपत्रावर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहितात, ते उगाच नव्हे.

आपल्याला मात्र उदाहरणासाठी इतके दूर जायला नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा गावोगाव हिंडून ते स्वतः मुले आणीत. नव्या मुलाचे स्वागत म्हणजे सर्व जातींच्या मुलांबरोबर एका पंगतीत मिळणारे ताट. त्या ताटात खंड पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले.

आता स्वागताचीही नियमावली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' हा उपक्रम आणला. त्यात सुमारे वीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक अपेक्षित आहे. कल्पना उत्तम, पण अनेक ठिकाणी तिचे रूप सभागृह, पुष्पगुच्छ आणि लांबलेली भाषणे एवढेच उरते. शिवाय प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, की उशिरा आलेली मुले यातून सुटतात आणि नेमकी गरज त्यांनाच अधिक असते.

वीस नावे पाठ करणे, वीस पत्रे लिहिणे हे एका शिक्षकाचे एका संध्याकाळचे काम. पत्रात फार काही नको : वसतिगृहात कोणाला भेटायचे, पहिल्या दिवशी कोणत्या खोलीत यायचे, एसटीच्या पाससाठी कोणता दाखला लागतो. आणि खाली शाईची सही. मराठीत लिहिले, तर ते आईवडिलांनाही वाचता येईल.

प्रस्तुत प्रतिनिधीने पदविकेसाठी प्रवेश घेतला, तेव्हा खिडकीआडून एकच शब्द ऐकू आला होता : "पुढचा!" दुसऱ्या दिवशी वर्गाची खोली शिपायाने दाखवली. जाता जाता त्याने गाव विचारले. लोणंद म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे कांद्याचं!" वर्षभर तो त्याच नावाने ओळखत राहिला.