अंधारांतील पेटीवाला

गाण्याबजावण्याचा कार्यक्रम संपतो, मंडपांतील माणसें घरोघर जातात, आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीचीं छायाचित्रें हातीं येतात, तेव्हां बहुतेक ठिकाणीं एकच अनुभव येतो. मुख्य गायक कसाबसा ओळखूं येतो. परंतु तबलजी म्हणजे काळोखांतील एक डाग, पेटीवाला म्हणजे नुसता पांढरा सदरा, आणि खंजिरी वाजविणाऱ्याच्या हाताच्या जागीं निव्वळ धुकें. ज्यांच्या बळावर रात्र रंगली, तींच माणसें चित्रांतून नाहींशीं झालेलीं असतात. दोष कॅमेऱ्याचा मानून लोक स्वस्थ बसतात. वास्तविक हा दोष बऱ्याच अंशीं टाळतां येण्याजोगा आहे, आणि तो टाळण्यास महागड्या सामग्रीपेक्षां प्रकाशाच्या साध्या हिशेबाची व थोड्या तालज्ञानाची गरज अधिक असते.

हा प्रश्न कोठें विशेष जाणवतो, हें पाहावयाचें तर राजुऱ्याकडे पाहावें. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, वर्धा नदीच्या पलीकडे हें गांव आहे. १९५६ पर्यंत राजुरा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं तो मराठी मुलुखाकडे आला आणि १९५९ सालीं त्या वेळच्या चांदा जिल्ह्यास जोडला गेला. अशा सीमेवरील गांवीं नाना प्रकारचें संगीत कानीं पडतें. पूर्वेकडे, वैनगंगेच्या खोऱ्यांत, झाडीपट्टीची रंगभूमि आहे. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें तिचें केंद्र. दिवाळीनंतर तिचा हंगाम सुरू होतो, आणि तिचीं नाटकें रात्रीं उशिरां सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. याच रंगभूमीच्या सेवेबद्दल गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं घरोघर नेलेलें खंजिरीचें भजन तर साऱ्या विदर्भाचें आहे. आणि दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी निघते. तींत मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात. या सर्वांचा जीव वाद्यांत आहे, आणि या सर्वांचा समय बहुधा रात्रीचा आहे.

त्या रात्रींतून चित्र काढण्याची धडपड जुनी आहे. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर लखलखाट करण्याची युक्ति जर्मनींत १८८७ सालीं निघाली. तिनें उजेड मिळे, परंतु धुराचा लोट उठे आणि समोरच्याचे डोळे दिपून जात. पुढें १९२४ सालीं त्याच देशांत एर्मानॉक्स नांवाचा लहान कॅमेरा आला. त्याचें भिंग इतकें मोठ्या तोंडाचें होतें कीं, खोलींतील दिव्यांच्या उजेडांतही चित्र उमटे. एरिक सालोमन या छायाचित्रकारानें तो वापरून न्यायालयांत व राजकीय बैठकींत, कोणाच्या ध्यानींही न येतां चित्रें घेतलीं. रात्रीच्या चित्रणाचे दोन मार्ग त्याच वेळीं स्पष्ट झाले: एक, आपला उजेड घेऊन जाणें, दुसरा, तेथें असलेल्या उजेडावर भागविणें. संगीताच्या मैफलींत दुसराच मार्ग योग्य ठरतो.

पहिला मार्ग कां नको, तें समजण्यास एक नियम पुरे आहे. दिव्यापासून अंतर दुप्पट झालें कीं त्याचा प्रकाश निम्मा होत नाहीं, तर चौथाई होतो. अंतर चौपट झालें कीं सोळावा हिस्सा उरतो. कॅमेऱ्यावरील फ्लॅश ३ मीटरवरील माणसास जेवढा उजळील, त्याच्या सोळावा भागच १२ मीटरवरील माणसाच्या वांट्यास येतो. त्यामुळें प्रेक्षकांत मागें बसून मारलेला फ्लॅश पुढच्या रांगेंतील टोप्या व फेटे लख्ख दाखवितो आणि रंगमंच काळाच ठेवितो. जवळ जाऊन मारला, तर वादकाच्या डोळ्यांपुढें अंधारी येते आणि रंगमंचाचा जो रंगीत, सावल्यांचा देखावा टिपावयाचा होता, तोच पुसला जातो.

आतां दुसऱ्या मार्गाचा हिशेब पाहूं. माणसाचा डोळा अंधारास सरावतो. वीस-तीस मिनिटांत त्याला मंडपांतील कोपराही स्वच्छ दिसूं लागतो. म्हणूनच प्रेक्षकास वाटतें कीं उजेड पुष्कळ आहे. प्रत्यक्षांत भर उन्हाच्या मानानें रंगमंचाच्या कडेला बसलेल्या तबलजीवर हजारावा भाग प्रकाश पडत असणें मुळींच अशक्य नाहीं. कॅमेऱ्याला ही तूट भरून काढावी लागते, आणि त्याच्यापाशीं साधनें तीनच आहेत: भिंगाचें छिद्र, शटर उघडें राहण्याचा काळ, आणि प्रकाश ग्रहण करणाऱ्या पृष्ठाची संवेदनशीलता, जिला आय.एस.ओ. म्हणतात.

भर उन्हांत आय.एस.ओ. १००, छिद्र एफ १६ आणि शटर सेकंदाचा १२५ वा भाग, एवढ्यावर चित्र बरोबर येतें. छिद्राचा आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें. एफ १६ वरून ११, ८, ५.६, ४ आणि २.८ असें उतरत गेलें, तर प्रत्येक पायरीस प्रकाश दुप्पट होतो; पांच पायऱ्यांत तो ३२ पट होतो. आय.एस.ओ. १०० वरून ३२०० वर नेला कीं आणखी ३२ पट मिळतात. ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४. जी हजारपट तूट होती ती भरून निघाली, आणि शटर १२५ व्या भागावरच राहिला. रात्रीच्या मैफलीच्या चित्रणाचें सारें गणित या एका उदाहरणांत आलें.

कॅमेऱ्यासोबत मिळणारें नेहमीचें भिंग लांबचें दृश्य जवळ आणतांना बहुधा एफ ५.६ च्या पुढें उघडत नाहीं, आणि तेथेंच सारी अडचण सुरू होते. एफ २.८ च्या मानानें तें चौथाई प्रकाश आंत घेतें. मग शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत लांबवावा लागतो आणि तबल्यावरील बोटें विरघळून जातात. याला उपाय म्हणजे ५० मिलिमीटरचें, एफ १.८ चें साधें भिंग. तें जवळदूर करीत नाहीं, किंमतीनें इतर भिंगांच्या मानानें स्वस्त असतें, आणि एफ ५.६ च्या सुमारें दहापट प्रकाश घेतें. मात्र त्याच्या पूर्ण उघड्या छिद्राशीं स्पष्टतेची खोली अगदीं थोडी राहते. गायकाचा डोळा नीट दिसला तर पुढ्यांतील पेटी अस्पष्ट होते. म्हणून नेम नेहमीं डोळ्यांवर धरावा.

आय.एस.ओ. वाढविला कीं चित्रांत कणी उठते, या भीतीनें पुष्कळ लोक तो कमी ठेवितात आणि हाललेलीं चित्रें घेऊन घरीं येतात. हा व्यवहार तोट्याचा आहे. कणीदार चित्रांत माणूस ओळखूं येतो. हाललेल्या चित्रांतील माणूस कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. मोबाइलमधील रात्रीच्या चित्रणाची सोयही येथें फसते. ती एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक चित्र बनविते. मंदिराचें शिखर तिनें सुंदर येईल, पण खंजिरीवरील हात मात्र भुतासारखा पुसट होईल.

प्रकाश मोजण्यांतही एक फसगत आहे. कॅमेरा साऱ्या चौकटीची सरासरी धरतो. मागचा पडदा काळा असला कीं त्याला वाटतें, दृश्य फार अंधारें आहे. तो उजेड वाढवितो आणि दिव्याखालील चेहरा पांढराफटक करून टाकितो. यास्तव मोजमाप चेहऱ्यापुरतेंच करावें, आणि एकदां तें ठरलें कीं आंकडे हातानें कायम ठेवावे. लाल दिव्यांत तर आणखी जपावें लागतें. चेहऱ्यावरील चढउतार जाऊन नुसता लाल ठिपका उरतो. तेथें प्रकाश थोडा कमीच घ्यावा, पांढरा दिवा येण्याची वाट पाहावी, किंवा तें चित्र काळ्या-पांढऱ्यांत करावें.

एल.ई.डी. दिव्यांनीं नवी अडचण आणली आहे. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. त्यामुळें कांहीं हलके दिवे सेकंदांत १०० वेळां उजळतात व मंदावतात. डोळ्यास हें कळत नाहीं, पण शटर २५० व्या भागावर असला तर चित्रावर काळे पट्टे येतात. शटर १०० व्या किंवा ५० व्या भागावर ठेविला तर दिव्याचीं पूर्ण आवर्तनें आंत येतात आणि पट्टे नाहींसे होतात. परंतु एवढ्या मंद शटरनें धांवता हात कसा धरावा?

याचें उत्तर यंत्रांत नसून संगीतांत आहे. प्रत्येक हालचालीला एक विसांव्याचा क्षण असतो. खंजिरीचा हात वर जाऊन परत फिरतो, त्या वळणावर तो निमिषभर थांबतो. गायक तान संपवून समेवर येतो, तेव्हां त्याची मान स्थिर होते. पेटीवाला व तबलजी एकमेकांकडे पाहतात आणि बहुधा हंसतात. त्रितालाच्या सोळा मात्रा मनांत मोजणाऱ्यास तो क्षण येण्यापूर्वींच ठाऊक असतो. ज्याला ताल कळत नाहीं, तो सम दिसल्यावर बटण दाबतो, आणि तोंवर ती निघून गेलेली असते. म्हणून चित्र घेणाऱ्यानें पहिलें गाणें नुसतें ऐकावें, दुसऱ्यांत जागा हेराव्या, आणि तिसऱ्यापासून कॅमेरा उचलावा, हा क्रम हितावह आहे.

उभें कोठें राहावें, हाही विचार महत्त्वाचा. समोरून मायक्रोफोन गायकाचें तोंड झांकतो. किंचित् बाजूस सरकलें कीं चेहरा मोकळा होतो. मंडपाच्या खांबास पाठ टेकावी, कोपरें अंगाशीं धरावीं आणि श्वास सोडतांना बटण दाबावें. शटरचा आवाज बंद करावा. मागें बसलेल्यांची दृष्टि अडवूं नये. चालकांची व वादकांची अनुमति कार्यक्रमापूर्वींच घ्यावी. त्याच वेळीं वाद्यें जुळविण्याचें काम चाललेलें असतें, आणि कित्येकदां रात्रींतील सर्वोत्तम चित्र तेथेंच मिळतें.

आपल्या मुलुखांत असें काम झालेलें आहे. राजुरा ज्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता, तेथील राजगोंडांमध्यें राहून क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ या मानववंशशास्त्रज्ञानें १९४० नंतरच्या दशकांत त्यांच्या जीवनाचीं छायाचित्रें घेतलीं, आणि १९४८ सालीं त्यांच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अलीकडे संदेश भंडारे यांनीं तमाशाच्या फडांचें चित्रण करून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हें पुस्तक सिद्ध केलें. आज तीं चित्रें पाहणाऱ्यास नुसतीं गाणीं ऐकून न कळणारें पुष्कळ कांहीं कळतें: वाद्य कसें धरीत, कोण कोणाशेजारी बसे, अंगावर काय असे.

आणि येथें नुसत्या हौसेपलीकडील गोष्ट येते. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिकांना व कलावंतांना मानधन देतें. त्यासाठीं अर्ज करणाऱ्यास आपल्या कलासेवेचे पुरावे द्यावे लागतात. नाटकाच्या जाहिरातीवर नायकनायिकांचीं नांवें मोठ्या अक्षरांत येतात. तीस वर्षें पेटीवर बसलेल्या माणसाचें नांव कोठें येतें? ज्याच्यावर दिवा नव्हता, त्याची नोंदही नसते. अशा वेळीं जुन्या कार्यक्रमाचें एखादें स्पष्ट छायाचित्र, मागें गांव, तारीख आणि नांव लिहिलेलें, हा त्याच्या हातीं असलेला मोलाचा पुरावा होऊं शकतो.

म्हणून रात्रीच्या कार्यक्रमास कॅमेरा घेऊन जाणाऱ्यानें दिव्याखालील गायकाचें चित्र अवश्य घ्यावें. पण निदान एक चित्र अंधारांतील पेटीवाल्याचें, एक तबलजीचें, एक झांजकऱ्याचें घ्यावें. तें कागदावर छापून, मागें तपशील लिहून, ज्याचें त्याला नेऊन द्यावें. यंत्रांत सांठविलेलीं हजार चित्रें यंत्राबरोबर नष्ट होतात. घरच्या भिंतीवर टांगलेलें एक चित्र नातवंडांपर्यंत पोंचतें.