नोटांच्या गावात वर्गणीचा फंडा

नाशिक रोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात, पण आमच्या कबड्डी मंडळाचा गल्ला कायम रिकामा! 2014 मध्ये प्रो कबड्डी आली, खेळ एकदम ग्लॅमरस झाला आणि आमचा खर्च वाढला. पोरांना मातीऐवजी मॅट हवी, शूज हवेत, बाहेरगावच्या स्पर्धांना गाडीभाडं हवं. मग काय, गाठा एखाद्या ‘भाऊं’ना! भाऊ पैसे देतात. पण जर्सीवर भाऊंचा फोटो मोठा, मंडळाचं नाव बारीक. निवडणूक संपली की भाऊ गायब.

मेलबर्नच्या कामगार वस्तीतल्या फुटस्क्रे क्लबवर 1989 मध्ये याहून वाईट वेळ आली होती. त्यांचा खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. पैशांअभावी क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन व्हायचं जवळपास पक्कं झालं होतं. वस्तीतल्या लोकांनी दारोदार फिरून पैसे जमवले, क्लब वाचवला. पुढे नाव बदलून ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ झालं, पण पाठीराखे तेच राहिले. 2016 मध्ये त्यांनी चक्क विजेतेपद मारलं! फिट्झरॉयला मात्र 1996 मध्ये ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन व्हावं लागलं.

म्हणून माझा साधा हिशेब. मंडळातून खेळून आज नोकरीला लागलेल्या शंभर जणांनी महिन्याला 200 रुपये दिले, तर वर्षाला 2 लाख 40 हजार होतात. एका पिझ्झाच्या पैशांत! शिवाय वर्गणी भरणारा मॅच बघायला येतो, हिशेबही मागतो. मंडळ कुणाचं, हे जर्सीवरून नाही, पावतीपुस्तकावरून ठरतं. बोला, तुमच्या नावाची पावती फाडू?