सापडलेलं कार्ड वापरणं हा गुन्हाच

‘कार्ड मी चोरलं नाही, रस्त्यात सापडलं. टॅप करून पाहिलं, पैसे गेले. यात गुन्हा कसला?’ शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून हे ऐकलं की चीड येते.

कार्ड उचलणं गुन्हा नाही. मालकाला परत देण्यासाठी उचललं तर कायदा बोटही लावत नाही. पण ते आपलं म्हणून वापरलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागतं: किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड. हे काही आजचं खूळ नव्हे. १८६० च्या दंडसंहितेतच उदाहरण होतं: रस्त्यात पत्र सापडलं, आत नोट होती, पत्त्यावरून मालक कळला, तरी नोट खिशात घातली, तर तो दोषी. कार्डावर तर बहुधा मालकाचं नाव असतं आणि मागे बँकेचा फोन नंबर. मालक कोण हे ठाऊक नव्हतं, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

शिवाय, दुकानदारापुढे तुम्ही कार्डाचे मालक म्हणून उभे राहता. ही फसवणूक झाली. फसवून माल मिळवल्यास कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत, तर तोतयेगिरीसाठी कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पिन किंवा पासवर्ड वापरून ऑनलाइन खरेदी केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम नीट वाचा. त्याच्या मजकुरात चोरी हा शब्दच नाही. अप्रामाणिकपणे वापर केला, एवढं पुरतं.

‘पाच हजारांच्या आत केस होत नाही’ हा ‘सापडलेलं कार्ड वापरणं गुन्हा नाही’ या समजाचाच जुळा भाऊ. पिनशिवाय टॅप करण्याची पाच हजारांची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ठेवली ती ग्राहकाच्या सोयीसाठी. चोरीच्या कलमातही पाच हजारांचा उल्लेख आहे, पण पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या आणि रक्कम परत केलेल्या माणसासाठी. त्याला समाजसेवेची शिक्षा होते. निर्दोष सुटका नव्हे. आणि ती सवलत चोरीपुरती आहे, फसवणुकीला नाही.

पकडलं कसं जाणार, असंही विचारतात. पेट्रोलपंपावरची ती छोटी पावती पाहा: मशीनचा क्रमांक, तारीख, वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे. पोलिसांना त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण मागवायला आणखी काय लागतं?

‘व्यवहार फेल झाला, म्हणजे सुटलो.’ नाही. प्रयत्नालाही शिक्षा आहे, मूळ कैदेच्या निम्म्यापर्यंत.

‘मी फक्त स्वस्तात फोन घेतला, कार्ड मित्राने वापरलं.’ फसवणुकीतून आलेला मालही आता कलम ३१७ नुसार चोरीचा माल. ठाऊक असून घेतला तर तीन वर्षांपर्यंत.

‘पैसे परत केले की केस मिटते.’ फसवणुकीच्या गंभीर कलमात तडजोडीलाही न्यायालयाची परवानगी लागते.

‘बँक भरतेच, कुणाचं काय जातं?’ रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. म्हणून कार्ड हरवलं की आधी बँकेला फोन करून ते ब्लॉक करा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार द्या.