बैलाच्या चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावल्यास

पत्री मारण्यासाठी पाडलेला बैल उठून चालू लागतो. परंतु थोड्याच वेळात त्याचा एक कान लोंबू लागतो, त्याच बाजूचा ओठ सैल पडतो व लाळ गळते. बहुधा हा चेहऱ्याच्या मज्जातंतूस झालेल्या इजेचा परिणाम असतो.

हा तंतू कानाच्या मुळाखालून निघून जबड्याच्या कडेवरून गालावर पसरतो. तेथे तो कातडीच्या अगदी लगत असतो. बैल कठीण जमिनीवर फार वेळ पडून राहिल्यास, अथवा म्होरकीची कडी गालाखाली रुतल्यास तो दबतो. कान, पापणी, ओठ व नाकपुडी यांची हालचाल त्याच्याच स्वाधीन असते. इजा गालावर असल्यास केवळ ओठ व नाकपुडी लुळी पडतात. कानाजवळ असल्यास कान व पापणीही निकामी होते. नाकपुडी निरोगी बाजूकडे ओढली जाते. चावण्याचे स्नायू दुसऱ्या तंतूच्या ताब्यात असल्याने रवंथ चालू राहते. मात्र चारा गालात साठून राहतो.

सर्वांत मोठा धोका डोळ्यास असतो. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून त्यावर व्रण होतो व दृष्टी जाऊ शकते. म्हणून जनावर सावलीत बांधावे, धूळ व माश्यांपासून जपावे आणि पशुवैद्याकडून डोळ्यात घालावयाचे मलम घ्यावे. चारा मऊ व बारीक कापलेला द्यावा. पाणी खोल भांड्यात ठेवावे. गालावर डाग देऊ नये. त्याने इजा वाढते.

लाळ गळणे, गिळता न येणे ही पिसाळ रोगाचीही लक्षणे आहेत. यास्तव पशुवैद्याने तपासल्यावाचून जनावराच्या तोंडात हात घालू नये. लाळ जखमेस लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. ताप असणे किंवा जनावराने गोल फिरणे हेही निराळ्या रोगाचे चिन्ह होय.

तंतू नुसता दबला असल्यास काही दिवसांत वा आठवड्यांत सुधारणा होते. तो तुटल्यास नवी वाढ दिवसास सुमारे १ मिलिमीटर एवढीच होते व पूर्ण गुण येईलच असे नाही.

म्हणून बैल पाडण्यापूर्वी म्होरकी काढावी, डोक्याखाली गवताने भरलेले पोते ठेवावे आणि काम उरकताच त्यास उठवावे. एवढ्या दक्षतेने बैलाचा डोळा वाचतो.