मुक्कामी भाविक येणार? आधी खोली बघा

नवरात्र ते आश्विन पौर्णिमा तुळजापूरच्या वाटेवर बरेच सभासद घरातली खोली भाविकांना भाड्यानं देतात. अंथरूण-पांघरूण, साबण, बादली याची तयारी घरचे चोख करतात, ते सांगायला नको. पण ऐन सोयाबीन काढणीत त्याच खोलीत पोती, फवारणी पंप, औषधं पडलेली असतात. ती आधी हलवून कुलपात ठेवा.

धान्यात सेल्फॉसची गोळी टाकली असेल तर त्या खोलीत काय, शेजारच्या खोलीतही कुणाला झोपवू नका. फॉस्फिन वायू दाराच्या फटीतून येतो, झोपेतच जीव जातो. मुळात ही गोळी घरात वापरायचीच नाही. पाहुण्यांसाठीची ज्वारी, डाळ कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत भरा.

औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी, तेल, फिनेल काहीच भरू नका. परगावच्या माणसाला काय कळणार?